भिंतीतला जोड न हलवता जुना कॉक कसा बदलावा

ताई, तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. ठाण्यात मानपाड्याजवळ १६ मजल्यांची इमारत, तुमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, इमारतीला १८ वर्षं झाली. आतली लाइन क्रीम रंगाच्या प्लास्टिक पाइपची. बेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून येणारं पाणी बंद करायची छोटी तोटी, कितीही फिरवला तरी पाणी पूर्ण थांबत नाही. बाथरूमचा मेन वॉल (व्हॉल्व्ह) डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेत आहे आणि त्याची मूठ जागची हलत नाही. एका प्लंबरने 'टाइल फोडावी लागेल' असं सांगितलं. घरात सासरे आजारी आहेत, त्यामुळे पाणी किती वेळ बंद राहील याची काळजी. आणि यातलं काही मी स्वतः करू शकते का, असा तुमचा शेवटचा प्रश्न.

टाइल बहुतेक फोडावी लागणार नाही. बेसिनखालचा कॉक तुम्ही स्वतः बदलू शकाल. डक्टमधला वॉल मात्र माहीतगार माणसाकडूनच करून घ्या, आणि तो माणूस कमरेला पट्टा बांधून काम करणारा असेल तरच.

मी आयटीआयमधून प्लंबरचा ट्रेड केला आणि वाशी-कोपरखैरण्याच्या जुन्या सिडको इमारतींमध्ये जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपच्या लाइनीवर हात बसवला. लोखंडी पाइपवर कॉक अडला की उत्तर एकच असायचं: मोठा पाना घ्या, जोर लावा. लोखंड तो जोर सहन करतं. पुढे घोडबंदर रोडला उंच इमारती उभ्या राहिल्या, आत सगळीकडे सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणीही चालणारं प्लास्टिक आलं, पण आमचे हात लोखंडाचेच राहिले. प्लास्टिकच्या लाइनीवर आज जितकी नासधूस होते, तिच्या मुळाशी ही एक सवय आहे.

भिंतीच्या आत काय असतं ते डोळ्यांसमोर आणा. पाइपच्या टोकाला प्लास्टिकची एल्बो (काटकोनी जोड) सोल्यूशनने, म्हणजे पाइप चिकटवायच्या द्रावणाने चिकटवलेली असते. त्या एल्बोच्या तोंडात पितळेची एक बांगडी साच्यातच बसवलेली असते, तिला आतून आटे असतात. तुमचा कॉक त्या आट्यांत घुसलेला आहे. १८ वर्षांत क्षार साचून कॉक आणि ती बांगडी एकजीव झालेले असतात. आता दीड फुटी पाना लावून झटका दिला, की कॉक फिरल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात मात्र बांगडीच प्लास्टिकमध्ये फिरते किंवा मागचा सोल्यूशनचा जोड पिळला जातो. त्या क्षणी काही दिसत नाही. नवीन कॉक बसतो, बाहेरून एक थेंब येत नाही, पैसे घेऊन प्लंबर जातो. पाणी आतल्या आत प्लास्टरमध्ये झिरपत राहतं आणि आठवड्याभराने खालच्या घरातल्या बाथरूमच्या छतावर डाग उमटतो.

हे माझ्याच हातून झालेलं आहे. कोपरखैरण्यात तिसऱ्या मजल्यावर एका घरी नव्यानेच सीपीव्हीसी टाकलं होतं. कॉक निघेना म्हणून मी पाइप पाना लावून अंगाचा भार टाकला. सहा दिवसांनी खालच्या घरातल्या आजी मला बोलवायला आल्या. त्यांच्या देवघराची भिंत ओली झाली होती. पुढचे दोन दिवस वरची टाइल फोडून एल्बो बदलण्यात गेले. तेव्हापासून भिंतीतला कॉक काढताना माझ्या हातात आठ इंची स्क्रू पान्यापेक्षा मोठं काही नसतं. त्याने कॉक सुटेना, तर अजून जोर लावायची ती वेळ नव्हे, असं मी समजतो.

सुरुवात पाइप ओळखण्यापासून करा. लॉफ्टवर किंवा डक्टमध्ये उघडा पाइप दिसतो, त्यावर छापलेलं वाचा. क्रीम रंग, 'सीपीव्हीसी' ही अक्षरं आणि आयएस १५७७८ हा आकडा दिसला की शंका नाही. पांढरा पाइप असेल तर तो यूपीव्हीसी, थंड पाण्यासाठीचा. हे दोन्ही दिसायला भावंडं असली तरी मापं वेगळी आहेत. अर्ध्या इंचाच्या सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास १५.९ मिलिमीटर, तर अर्ध्या इंचाच्या यूपीव्हीसीचा २१.३. दुकानात नुसतं 'अर्ध्या इंचाचं द्या' म्हटलं तर चुकीचं फिटिंग घरी येतं. जुन्या पाइपचा बोटभर तुकडा मिळाला तर तोच घेऊन जा, नाहीतर छपाईचा फोटो काढून न्या. दोन्हींचं सोल्यूशनही वेगळं असतं. आणि पाइप हिरवा, जाड भिंतीचा असेल तर तो पीपीआर. त्याला सोल्यूशन लागतच नाही, मशीनने तापवून जोडतात. तिथे घरी प्रयोग करू नका. आट्यांचा कॉक बदलण्याची रीत मात्र तिन्हींत सारखीच.

आता पाणी बंद करणं. तुमचा डक्टमधला वॉल अडकलेला आहे म्हणजे गच्चीवरूनच लाइन बंद करावी लागणार. टाकीपासून प्रत्येक डक्टला वेगळी लाइन उतरते आणि तिचा वॉल टाकीजवळ असतो. कुठला वॉल कुठल्या डक्टचा हे सोसायटीत एखाद्यालाच माहीत असतं, बहुधा पाणी सोडणाऱ्याला. त्याला सोबत घ्या आणि वॉल सापडला की त्यावर ऑइलपेंटने विंग आणि लाइन लिहून ठेवा. पुढच्या दहा वर्षांत कितीतरी घरांना त्याचा उपयोग होईल. त्या लाइनीवरच्या सगळ्या घरांना आदल्या दिवशी सांगणंही आलंच.

गच्चीवरून बंद करायचा मी आग्रह का धरतो, तर दाबामुळे. पाण्याच्या दर १० मीटर उंचीला साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब येतो. टाकी तुमच्या डोक्यावर १२ मजले, म्हणजे अंदाजे ३६ मीटर. मध्ये दाब कमी करणारा वॉल बसवलेला नसेल तर तुमच्या बेसिनखाली साडेतीन किलोच्या आसपास दाब आहे. उघड्या अर्ध्या इंचाच्या तोंडातून तो दाब सुटला तर अंगठ्याने धरून ठेवता येत नाही. चालू लाइनीवर 'पटकन बदलून टाकतो' म्हणणाऱ्याला घरात काम देऊ नका.

वॉल बंद झाल्यावर बाथरूममधला सर्वात खालचा नळ उघडा ठेवा आणि थांबा. तुमच्या वरच्या १२ मजल्यांच्या पाइपमधलं पाणीही उतरायचं असतं, त्याला वेळ लागतो. वीस-पंचवीस मिनिटांनीही बारीक धार चालूच असेल तर गच्चीवरचा वॉल पूर्ण बसत नाही असं समजा. आट्यांच्या कामाला एवढी धार चालते, खाली बादली ठेवायची. सोल्यूशनच्या जोडाला एक थेंबही चालत नाही. गीझरचा स्विच मात्र सर्वात आधी बंद करा, नुसता बटणाने नको, प्लग असेल तर काढूनच ठेवा. टाकी रिकामी झालेला गीझर चुकून चालू झाला तर कॉइल जळते.

दिवस निवडताना महापालिकेच्या शटडाउनचा दिवस टाळा. त्या दिवशी टाकी भरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहिलं पाणी गढूळ येतं, ते नव्या कॉकमधून जायला नको. सकाळी दहा वाजता काम काढा. काही आणायचं राहिलं तर दुकान उघडं असतं. सासऱ्यांसाठी दोन बादल्या आणि एक ड्रम आदल्या रात्रीच भरून ठेवा. हाताशी अर्ध्या इंचाचे दोन डमी प्लग हवेतच, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. काही अडलं तर भिंतीतल्या तोंडाला प्लग लावायचा, लाइन चालू करायची आणि शांतपणे पुढचा विचार करायचा. आजारी माणूस असलेल्या घरात मी प्लगशिवाय पाना हातात घेत नाही.

कॉक काढण्याआधी एक गोष्ट तपासा, तिच्यामुळे कदाचित सगळंच काम वाचेल. कॉक बंद होत नाही याचा अर्थ कॉक गेला असा होत नाही. त्याचं पोट, म्हणजे भिंतीत बसलेला भाग, सहसा धडधाकट असतो. खराब होतो तो वरचा हेड, ज्याला मूठ बसते. जुन्या पद्धतीच्या हेडमध्ये स्पिंडलच्या, म्हणजे मुठीबरोबर फिरणाऱ्या दांड्याच्या टोकाला रबराचा वॉशर असतो, तो दबून त्यावर गोल चरा पडतो. नव्या पद्धतीच्या हेडमध्ये दोन सिरॅमिक चकत्या असतात, त्यांच्यामध्ये रेतीचा कण अडकला की पाणी थांबत नाही. मूठ काढा, हेडचा षटकोनी भाग पान्याने उघडा आणि तो घेऊन दुकानात जा. त्याच कंपनीचा हेड मिळाला तर पोटाला हात लावायचं कारणच उरत नाही. हेड उघडताना दुसऱ्या पान्याने पोट धरून ठेवायला मात्र विसरू नका. शॉवरच्या भिंतीत जो कन्सील्ड स्टॉप कॉक असतो, त्याला तर हाच मार्ग आधी बघायचा, कारण त्याचं पोट खरोखर टाइलच्या आत असतं. त्या प्लंबरने टाइल फोडायची गोष्ट काढली ती बहुधा त्या कॉकशी गल्लत होऊन.

हेड मिळाला नाही किंवा पोटावर हिरवट-पांढरे फोड दिसले, तर पूर्ण कॉक काढा. आधी वरचा कनेक्शन पाइप सोडवा. भिंतीला टेकलेली स्टीलची वाटी मागे सरकवा आणि टॉर्च मारून आत बघा. कॉकचे आटे सरळ भिंतीतल्या एल्बोत गेलेत की मध्ये एखादा निप्पल, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला नळीचा छोटा तुकडा आहे? निप्पल असेल तर एक पाना निप्पलवर, एक कॉकवर, म्हणजे पिळवटणारा जोर भिंतीपर्यंत जात नाही. निप्पल नसेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं आट्यांच्या जागी गुंडाळून अर्धा-पाऊण तास ठेवा, क्षार मऊ होतात. गंज सोडवणारा तेलाचा स्प्रे इथे वापरू नका. लोखंडावर तो उत्तम आहे, पण काही तेलं आणि द्रावणं सीपीव्हीसीला आतून चिरा पाडतात, आणि त्या चिरा महिन्यांनी उघडतात. गॅसच्या ज्योतीने तापवणं तर मनातही आणू नका.

मग पाना लावून आधी किंचित घट्ट करायच्या दिशेला, केसभर. मग सोडवायच्या दिशेला. पुन्हा घट्ट, पुन्हा सैल. या मागे-पुढेमध्ये क्षाराचा थर तुटतो आणि हाताला एक बारीक 'कट्' जाणवतो. तो जाणवला की कॉक निघाला समजा. पाना फिरतोय, पण हाताला खरखर न लागता रबरासारखी ओढ लागतेय, तर लगेच थांबा. बांगडी फिरू लागली आहे.

कधी कधी कॉकची मानच तुटते आणि आटे आत राहतात, विशेषतः हलक्या मिश्रधातूचे कॉक असले की. अशा वेळी लोक घाबरून भिंत फोडायला घेतात. गरज नसते. हॅकसॉचं नुसतं पातं कापडात धरून आत राहिलेल्या तुकड्याला आतून एक खाच पाडायची, मग समोरच्या बाजूला दुसरी. पातं पितळी बांगडीच्या आट्यांपर्यंत पोचायच्या आत थांबायचं. हे थांबणं हाताला कळावं लागतं, म्हणून हे काम माहीतगाराला द्या. दोन खाचा झाल्या की छोट्या स्क्रूड्रायव्हरने तुकडा आतल्या बाजूला दुमडतो आणि पकडीने निघून येतो. अशा कामाला मला तासभर लागतो, पण आजवर बऱ्याच टाइल त्याने वाचल्या आहेत.

जुना कॉक निघाल्यावर बांगडीचे आटे जुन्या टूथब्रशने साफ करा, जुना टेफ्लॉन (आट्यांवर गुंडाळतात ती पातळ पांढरी पट्टी) वेचून काढा. आटे चमकले पाहिजेत. नव्या कॉकला आधी टेफ्लॉन न लावता हाताने बसवून बघा, चार-पाच फेरे अलगद जायला हवेत. पहिल्याच फेऱ्याला अडला तर तिरका जातोय. मग टेफ्लॉन. आट्यांचं तोंड तुमच्याकडे करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताणून, दहा-बारा वेढे, पहिला आटा मोकळा ठेवून. उलटा गुंडाळला तर बसवताना तो उलगडून गोळा होतो. सफेदा-धागा नको, कुठलंही द्रवरूप सीलंट नको. सीपीव्हीसीला नुसतं टेफ्लॉन पुरतं.

हाताने बसेल तेवढा बसवा आणि पुढे पान्याने साधारण एक फेरा, फार तर सव्वा. कॉकचं तोंड वर यायला हवं. थोडं पुढे गेलं म्हणून मागे फिरवून आणू नका, मागे फिरवलं की टेफ्लॉनची पकड सुटते. पूर्ण काढा, नवा टेफ्लॉन लावा, पुन्हा बसवा. माझ्याकडे काम शिकायला येणारी पोरं इथेच कंटाळतात, आणि इथेच गळती राहते.

कॉक विकत घेताना हातात तोलून बघा. पितळेचा कॉक जड लागतो. चकचकीत आणि हलका असेल तर तो परत ठेवा. आयएस ८९३१ चा छाप असेल तर उत्तम. गरम आणि थंड असे दोन कॉक असतील तर दोन्ही एकदमच बदला, एकाच वयाचे आहेत. कनेक्शन पाइपही नवे घ्या, जुन्यांचं रबर आतून कडक झालेलं असतं.

डक्टमधल्या वॉलबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. तो अडकलाय, पण उघड्या अवस्थेत अडकलाय ना? मग त्याला तिथेच राहू द्या. त्याच्या पुढे, बाथरूमच्या लॉफ्टवर जिथे लाइन घरात शिरते, तिथे नवीन वॉल टाका. चौथ्या मजल्यावर डक्टमध्ये गंजलेल्या अँगलवर उभं राहून कुणाचा मुलगा काम करणार, आणि पुढच्या वेळी तो वॉल बंद करायला तुम्ही मध्यरात्री खिडकीतून हात घालणार. लॉफ्टवरचा वॉल तुमच्या हाताशी राहील. लॉफ्टवर जागाच नसेल तर डक्टमध्येच करावं लागेल, पण तेव्हा पट्टा आणि वर पक्क्या जागी बांधलेला दोर हवा.

वॉल बॉलचा घ्या, पाव फेऱ्यात बंद होणारा, दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे फिरवून सुटणारा जोड असलेला. जुना चाकाचा गेट वॉल नको, त्याची आतली पट्टी स्पिंडलवरून निसटते आणि चाक नुसतं फिरत राहतं. युनियनचा फायदा हा की पुढच्या वेळी पाइप न कापता नुसते युनियनचे नट सोडवून वॉल बाहेर येतो. १८ वर्षांचा सीपीव्हीसी ठिसूळ झालेला असतो, म्हणून कात्रीसारख्या कटरने कापू देऊ नका, दाबाने तो उभा चिरतो. बारीक दात्यांचं हॅकसॉ पातं, हलक्या हाताने. कापल्यावर टोकाला केसाएवढी चीर दिसली तर ती संपते तिथून अजून दोन इंच मागे कापायचं.

मग टोकाची आतली-बाहेरची किनार घासायची, कोरड्या कापडाने पुसायचं, आधी नुसतंच घालून बघायचं. सॉकेटच्या निम्म्या खोलीच्या आसपास पाइप अडायला हवा. सोल्यूशन सीपीव्हीसीचंच, आणि डबा हलवल्यावर पातळ वाहणारं. जेलीसारखं झालं असेल तर तो डबा फेकून द्यायचा. पाइपवर सारखा थर, सॉकेटमध्ये पातळ, पाव फेरा फिरवत आत ढकलायचं आणि अर्धा मिनिट दाबून धरायचं. सोडलं तर पाइप मागे सरकतो. किती वेळाने पाणी सोडायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. मी स्वतः उन्हाळ्यात किमान दोन तास थांबतो, पावसाळ्याच्या दमट हवेत चार, आणि गरम पाण्याच्या जोडाला रात्रभर.

गरम लाइनीच्या क्लिपा फार आवळू नका. तीन मीटरचा सीपीव्हीसी पाइप ४० अंशांनी तापला की जवळजवळ सात मिलिमीटर लांबतो. त्याला सरकायला वाव हवा, नाहीतर तो ताण नेमका नव्या जोडावर येतो. आणि नवीन वॉल गीझर आणि त्याच्या सेफ्टी वॉलच्या मध्ये कधीच टाकायचा नाही, थंड पाण्याच्या बाजूला सेफ्टी वॉलच्या आधी टाकायचा. मध्ये टाकला आणि तो बंद राहिला तर दाब सुटायला वाटच उरत नाही.

पाणी सोडताना गच्चीवरच्या माणसाला सांगा, वॉल हळूहळू उघड. रिकाम्या लाइनीत भसकन सोडलेलं पाणी हवेला पुढे रेटत येतं आणि जोडांवर आदळतं. घरात आधी जाळी नसलेला एखादा नळ उघडा ठेवा. सुरुवातीला फुसफुस, मग तांबूस पाणी, मग स्वच्छ येईल. बेसिनच्या नळाची जाळी काढून ठेवा, नाहीतर सगळा कचरा तिथेच अडकतो. गरम पाण्याच्या नळाला सलग धार लागली म्हणजे गीझर भरला, त्यानंतरच स्विच.

गळती बोटाने तपासू नका, बोट आधीच ओलं असतं. कोरडा टिश्यू पेपर घ्या आणि आट्यांच्या कडेने फिरवा, एका थेंबाचाही डाग लगेच दिसतो. वाटी अजून भिंतीला लावू नका. तिच्या मागे वर्तमानपत्राची घडी खोचून रात्रभर ठेवा, सकाळी कोरडी असेल तर वाटी सरकवून बसवा.

वेळेचं म्हणाल तर बेसिनचे दोन कॉक अर्ध्या-पाऊण तासाचं काम, पाणी दीड-दोन तास बंद. लॉफ्टवरच्या वॉलला सोल्यूशन सुकण्यासकट चार-पाच तास धरा. दोन्ही एकाच दिवशी काढलीत तर गच्चीवर एकदाच जावं लागेल. काम झाल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्यांना आठवडाभर त्यांच्या बाथरूमच्या छताकडे लक्ष ठेवायला सांगा. ओल दिसली तर ताई, तुमच्या लॉफ्टवरचा नवा वॉल लगेच बंद करा आणि मला कळवा.